चौगुले सर आणि फुकाचं वैर

चौगुले सर जाऊन दीड वर्ष झालं. शाळेत अजूनही कुणी त्यांचा विषय काढला की बाकीच्यांचे डोळे पाणावतात आणि माझं डोकं फिरतं. इतका हुशार, इतका सज्जन माणूस, आणि एक साधी गोष्ट समजून घ्यायला त्यांनी बारा वर्षं घालवली! ती गोष्ट त्यांच्या घरापासून केएमटीच्या बसनं पाऊण तासावर होती, गडमुडशिंगीत. ती शोधायला हे गेले कुठं, तर जेरुसलेमला. म्हणजे पायांनी नव्हे, पुस्तकातून.

ते आमच्या शाळेत संस्कृत शिकवायचे, मी भूगोल. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा संस्कृतचा मास्तर झाला याचं त्यांच्या गावाला फार कौतुक होतं. बुटकी, चपळ मूर्ती. पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, आणि वरच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. ती पट्टी त्यांच्या अंगाचाच भाग होती. समासाची रेघ ते मोजून आखायचे, सूचनाफलकावरचा कागद चारी बाजूंनी मोजून चिकटवायचे, आणि शिपायानं अर्ध्या कपापेक्षा जास्त चहा ओतला तर उरलेला त्याला परत घ्यायला लावायचे. "स्पष्टता असली की कटुता राहत नाही, बाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शिक्षकांच्या बैठकीत ते आम्ही त्यांच्या आधीच म्हणून टाकायचो.

आठवीच्या वर्गातली एक हकीकत सांगते. एका बाकावर दोन मुली बसायच्या, जिवाभावाच्या मैत्रिणी. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. पण एकीची वही दुसरीच्या बाजूला सरकलेली सरांनी पाहिली, खिशातून पट्टी काढली आणि बाकाच्या बरोबर मधोमध खडूनं रेघ मारली. पुढं भांडण होऊ नये म्हणून! मधल्या सुट्टीत त्या दोघींनी डबा वेगवेगळा खाल्ला. आठवडाभरानं एकीनं जागा बदलून मागितली. सर माझ्याकडं आले, खरोखर गोंधळलेले. "मी तर दोघींना सारखीच जागा दिली होती हो," म्हणाले. मी हसले. तेव्हा हसायला नको होतं, बसवून नीट सांगायला हवं होतं.

गडमुडशिंगीत सरांचे चुलतभाऊ होते, आण्णा. सरांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. दोघं एकाच घरात वाढले, एकाच ताटात जेवले. सर शिकून कोल्हापुरात आले, आण्णा शेतात राहिले. दोघांची वावरं शेजारी-शेजारी, आणि सरांचंही वावर आण्णाच करायचे. बेंदराला, बैलांच्या सणाला, सर न चुकता गावी जायचे आणि येताना आमच्यासाठी ओल्या शेंगा आणायचे. सरांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी अचानक आण्णांनी बोलणं टाकलं. टाकलं ते टाकलंच. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली नाही. रस्त्यात गाठ पडली तर आण्णा तोंड फिरवून उसाकडं बघत उभे राहायचे. सरांच्या पत्नी वारल्या तेव्हा ते आले, खांदा दिला, आणि एक शब्द न बोलता परत गेले.

सरांचा जीव त्यात अडकला होता. बायको गेलेली, मूलबाळ नाही, आणि "दत्तू" अशी हाक मारणारं जगात एकच माणूस उरलेलं. "बाकी सगळ्यांचा मी सर आहे," ते एकदा मला म्हणाले. "एकदा त्यानं नुसतं दत्तू म्हणावं. मग शिव्या दिल्या तरी चालतील." पुढं छातीचं दुखणं सुरू झालं तशी ही हाक त्यांना जास्तच हवीशी झाली.

आता असं दुःख झालं तर माणूस काय करतो? बस पकडतो, दारात जाऊन उभा राहतो आणि विचारतो, की बाबा, माझं काय चुकलं? चौगुले सरांनी हिब्रू शिकायला घेतलं.

झालं असं, की आमच्याच शाळेतले एक ख्रिस्ती शिक्षक त्यांना भेटायला गेले होते. सरांनी आण्णांचं गाऱ्हाणं सांगितलं, तर ते सहज म्हणाले, की हिब्रू शास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या भागात, एक स्तोत्र आहे, त्यातला माणूस अगदी तुमच्यासारखंच रडतो. झालं. त्या गृहस्थांचे वडील पाद्री, त्यामुळं त्यांनी लहानपणी घरी हिब्रूची अक्षरं गिरवली होती. सरांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, लक्ष्मीपुरीतल्या रद्दीच्या दुकानातून एक जुनं व्याकरण उचलून आणलं आणि त्या स्तोत्राच्या एकाच ओळीवर ठाण मांडलं. त्या ओळीतला माणूस म्हणतो, की माझ्याशी विनाकारण वैर करणारे माझ्या डोक्यावरच्या केसांहून जास्त आहेत, आणि जे मी लुटलंच नाही ते मला परत द्यावं लागतं आहे. एवढंच. या एवढ्यावर नऊ वर्षं!

अभ्यास मात्र बघण्यासारखा होता. शाळेतल्या शिल्लक उत्तरपत्रिका त्यांनी रीतसर अर्ज करून मागून घेतल्या होत्या. त्यावर संस्कृत श्लोकाचा करावा तसा त्या ओळीचा पदच्छेद, मग अन्वय, मग अर्थ. समास अर्थातच पट्टीनं आखलेला, फक्त उजवीकडं. वाचताना उभे राहायचे, बोट उजवीकडून डावीकडं फिरवायचे आणि वर्गात म्हणायचे तशा खणखणीत आवाजात ती ओळ म्हणायचे. राजारामपुरीतल्या त्या गल्लीत सकाळी दूधवाल्याची घंटा आणि चौगुले सरांचं हिब्रू एकदमच ऐकू यायचं. मी त्याच गल्लीत राहते, त्यामुळं माझी सुटका नव्हती. संध्याकाळी भाजी घेऊन येताना हाक यायचीच. "बाई, दोन मिनिटं या. विनाकारण म्हणायला त्यानं जो शब्द घातलाय, त्याचा अर्थ फुकट असाही होतो. फुकाचं वैर! काय नेमकं आहे बघा."

"सर, आण्णांना जाऊन विचारा की एकदा."

"आधी माझा दोष सापडू दे. दोष माहीत नसताना क्षमा मागणं म्हणजे खोटं बोलणं झालं."

"मग दोष सापडत नाही तर नुसतं भेटायला जा."

"आणि भेटून काय बोलू?"

हे संभाषण आमच्यात किती वेळा झालं असेल! मेथीची जुडी हातात वाळून जायची. मी चिडून घरी यायची आणि नवऱ्यावर ओरडायची.

मध्येच त्यांनी एक नवं खूळ काढलं. पहाटे रंकाळ्याला फिरून झालं की ते गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध प्यायला थांबायचे. तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला सुरुवात केली, की तुमच्याशी कुणी विनाकारण वैर केलंय का? आणि तुम्ही कुणाशी केलंय का? तालमीतले पैलवान, भाजीवाल्या, रिक्षावाले, निवृत्त मामलेदार, कुणालाही सोडलं नाही. एक गवळी तर धार काढता-काढता म्हणाला, "काय सांगू सर, आमचा सख्खा मेव्हणा. काय बी कारण न्हाई. नुसता जळतोय बघा." आणि तू कुणाशी? "म्या? छ्या! आपलं कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

महिनाभर विचारून सर माझ्याकडं आले. सगळ्यांना विनाकारण वैरी होते. स्वतः मात्र कुणीच कुणाचा वैरी नव्हता. "मग हे सगळे वैरी राहतात तरी कुठं, बाई?" त्यांनी विचारलं. इतका सुंदर प्रश्न त्यांना पडला होता! मला वाटलं, आता उजेड पडणार, आता हे स्वतःकडं बघणार. कशाचं काय! त्यांनी तो प्रश्न उत्तरपत्रिकेवर लिहिला, खाली पट्टीनं रेघ मारली आणि पुन्हा पदच्छेदाला लागले.

त्या ओळीचा शेवट त्यांना काही केल्या उलगडत नव्हता. जे मी लुटलं नाही ते मी परत का देईन? "मला वेडा म्हणा," सर म्हणायचे, "पण ज्यानं घेतलंच नाही तो देईल कसा? आणि कशासाठी? इथं माझी गाडी अडते." आणि मग हटकून आण्णांचा विषय. आण्णा किती आडमुठे, तर त्यांनी सरांच्या बाजूच्या आपल्याच दोन सऱ्या बारा वर्षं पडीक ठेवल्या होत्या. दोन सऱ्या म्हणजे उसाच्या दोन ओळींची जागा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथलं तण सगळं सरांच्या वावरात पसरतं, अशी सरांच्या नव्या वाटेकऱ्याची तक्रार यायची. "स्वतःचं नुकसान करून मला त्रास! याला फुकाचं वैर नाही तर काय म्हणायचं?"

शेवटी मीच गेले. मुद्दाम नाही, गडमुडशिंगीत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर तिला म्हटलं, मला आण्णा चौगुल्यांच्या शेतावर सोड. आण्णा बांधावर बसून विळ्याला धार लावत होते. सरांचाच चेहरा, फक्त उन्हानं रापलेला आणि मोठ्या हाडांचा. बांधाच्या टोकाला एक दगड होता, पांढराशुभ्र, नुकताच चुना दिल्यासारखा.

मी सरांच्या शाळेतली बाई, एवढं सांगितल्यावर त्यांचा हात थांबला. "बसा," म्हणाले. "मास्तरनं धाडलंय?"

"नाही. त्यांना माहीतसुद्धा नाही. मला एकच विचारायचंय. तुम्ही त्यांच्याशी का बोलत नाही?"

"त्येला ठावं न्हाई?"

"नाही."

आण्णांनी मला निरखून बघितलं. थट्टा करते आहे की काय, असं त्यांना वाटलं असावं. मग हातातल्या विळ्यानंच त्यांनी तो पांढरा दगड दाखवला. "त्यो दगड कुनी आनलाय?"

मला काय माहीत?

"मास्तरनं. रिटायर व्हायच्या आदी त्येनं सरकारी मोजणी आनली. आमच्या दोघांच्या मधल्या बांधाची. मला नोटीस आली, बाई. भावाची भावाला नोटीस! अर्जावरचं अक्षर बघिटलं, त्येचंच. लई देखनं अक्षर. आवो, त्येचं वावर इस वर्सं मी केलतं. तवा हितं बांध कुनाच्या ध्यानात हुता? दोघांचे बाप गेले, त्येंनी कदी बांध बघिटला न्हाई."

"त्यांना वाटलं असेल, पुढं वाद नकोत," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर बाकावरची खडूची रेघ आली होती.

"मोजणी कुनावर आनत्यात, बाई? ज्यानं बांध कोरून दुसऱ्याचं लाटलंय त्येच्यावर. आख्खं गाव बघायला गोळा झालतं. मी साखळीचं टोक धरून हुबा. मोजलं. वीतभर बी फरक न्हाई निगाला. आनि मास्तर हसला. हसून म्हनतोय कसा, बघ आण्णा, बरोबर हाय." आण्णांचा आवाज चढला. "बरोबर हाय! आरं, बरोबर हुतंच की! मला ठावं हुतं. तुला का मोजावं लागलं?"

मग मी त्या पडीक पट्ट्याबद्दल विचारलं. तण माजलेल्या त्या दोन सऱ्या आमच्या समोरच होत्या.

"त्या मी त्येला सोडल्यात," आण्णा म्हणाले. "संशय आला न्हवं? मग घे म्हनावं. घेतलं न्हवतं, तरी बी घे. त्या दोन सऱ्यांत मी नांगर घालत न्हाई. आनि दगडाला दर बेंदराला चुना लावतो. बैल रंगवतो, तसा ह्यो बी रंगवतो. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसू दे, भावानं भावाला मोजलाय."

परतीच्या बसमध्ये माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. जे लुटलं नाही ते परत देणारा माणूस पाऊण तासावर बसला होता, आणि आमचे विद्वान त्याचा अर्थ शोधायला नऊ वर्षं उत्तरपत्रिका काळ्या करत होते! मी घरी न जाता थेट सरांचं दार वाजवलं. चप्पलही न काढता सगळं सांगून टाकलं, एका दमात, जरा जास्तच मोठ्यानं.

सर उभेच होते. ऐकताना त्यांचा हात खिशातल्या पट्टीवर गेला आणि तिथंच राहिला. "पण मोजणी त्याच्याच भल्यासाठी होती," ते पुटपुटले. "फरक निघालाच नाही ना..." आणि मध्येच थांबले. टेबलावरची उत्तरपत्रिका त्यांनी जवळ ओढली. त्या ओळीच्या शेवटावर बोट ठेवलं, उजवीकडून डावीकडं नेलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मग म्हणाले, "हे आण्णाचं बोलणं आहे, बाई. मी ते माझं म्हणून पाठ करत होतो."

मला वाटलं, सुटलो. आता उद्या सकाळची बस. पण छे! चौगुले सर ते. दुसऱ्या दिवशी गेले नाहीत, दुसऱ्या आठवड्यातही नाहीत. पंधरा दिवसांनी मला एक पत्र वाचायला दिलं. आण्णांना लिहिलेलं, चार मुद्द्यांत. मोजणीमागचा हेतू, मोजणीचा निष्कर्ष, झालेला गैरसमज, आणि दिलगिरी. समास आखलेला, मुद्द्यांना आकडे घातलेले.

माझा तोल गेला. "सर, ही पुन्हा मोजणीच आहे," मी म्हटलं. "आता चार मुद्द्यांत भाऊ मोजताय. फाडा ते!" वयानं एवढ्या मोठ्या माणसाशी मी अशी कधी बोलले नव्हते. त्यांनी पत्र फाडलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं आणि "बरं," एवढंच म्हणाले. मधे दोन महिने गेले. दवाखान्याच्या दोन फेऱ्या झाल्या. मी त्यांच्या दारावरून जाताना मुद्दाम तिकडं बघेनाशी झाले.

बेंदराच्या दिवशी सकाळी ते स्वतःच माझ्या दारात आले. "तुमच्या स्कूटरवरून गडमुडशिंगीला सोडाल का?" मी पदर खोचला आणि किल्ली घेतली. वाटेत गावोगाव रंगवलेली शिंगं, झुली, हलगी.

आण्णा दगडापाशीच होते. शेजारी चुन्याची बादली, हातात कुंचा. आम्हाला बघून त्यांनी मान फिरवली ती थेट उसाकडं. सर बांधापर्यंत गेले आणि थांबले. त्यांनी खिशात हात घातला, मला वाटलं आता ते पत्र निघणार, आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पण हात रिकामाच बाहेर आला.

"आण्णा," सर म्हणाले, "म्या तुला मोजाय नको हुतं." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदा ऐकली. "माजं चुकलं. ह्यो दगड काढूया."

आण्णा माझ्याशी बोलले. "बाई, मास्तरला सांगा, सरकारी दगड हाय. काढता येत न्हाई." आणि हातातला कुंचा बादलीवर आडवा ठेवून ते पाटाकडं हात धुवायला निघून गेले.

मला एवढा संताप आला! बारा वर्षं गेली, म्हातारा छातीचं दुखणं घेऊन दारात आलाय, चुकलं म्हणतोय, आता आणखी काय पाहिजे या माणसाला? तो दगड उपटून विहिरीत टाकावा असं वाटलं. सरांना म्हटलं, "चला, परत जाऊ."

सर ऐकतच नव्हते. त्यांनी बाह्यांची बटणं सोडली. तीस वर्षांत मी त्यांची मनगटं पाहिली नव्हती. बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि एक हात जमिनीला टेकत, कण्हत, ते दगडापुढं उकिडवे बसले. कुंचा उचलला, चुन्यात बुडवला आणि दगडाला लावायला लागले. वरून खाली, वरून खाली, फळा पुसावा तसे सरळ हात. चुना ओघळून मनगटावर आला, शर्टावर उडाला. ते पुसायलासुद्धा थांबले नाहीत. खिशातली पट्टी वाकताना गवतात पडली होती, तिच्याकडंही त्यांचं लक्ष नव्हतं.

आण्णा परत आले. पाठीमागं हात बांधून सरांच्या डोक्यापाशी उभे राहिले. एकदा या बाजूनं बघितलं, एकदा त्या बाजूनं. मग पायाच्या अंगठ्यानं दगडाच्या बुडाशी दाखवलं.

"हितं ऱ्हायलं, दत्तू."

सरांनी मान वर केली नाही. मग त्यांनी कुंचा पुन्हा चुन्यात बुडवला आणि राहिलेली जागा भरून काढली.